अभ्रकाचं सील

निपाणीत आमच्या गल्लीत माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे मी बेळगावला अणुबॉम्ब बनवते. दुसरं म्हणजे मी गॅसच्या टाकीवरची प्लास्टिकची टोपणं बनवते. पहिलं मत असलेल्या बायका माझ्याशी जरा जपून बोलतात. दुसरं मत असलेल्या बायका आईकडे कीव करून बघतात, की एवढं इंजिनिअर केलं पोरीला आणि काय, तर टोपणं! खरी गोष्ट या दोन्हींच्या मधे कुठंतरी आहे आणि टोपणाच्या बाजूला थोडी जास्त झुकलेली आहे. पण मला त्या टोपणाचा भलता अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायचा माझा स्वभाव नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा छोटा कारखाना आहे. आमचा म्हणजे मालकांचा. मालक चिकोडीकडचे जैन, घरात कन्नड, कामगारांशी मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते वयानं माझ्याहून मोठे, तरी मला आक्का म्हणतात, कारण कारखान्यात मी सगळ्यांचीच आक्का आहे. आधी आम्ही पंपांचे सुटे भाग करायचो, नंतर सील करायला लागलो. तपासणीचा विभाग माझ्याकडे आहे. माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय कारखान्यातून खिळासुद्धा बाहेर पडत नाही, आणि मी कजाग आहे असं जे म्हणतात ते याच कारणानं म्हणतात.

हे सील कुठं जातं ते सांगते. अणुइंधनाचे आणि किरणोत्सारी पदार्थांचे डबे ज्या गोदामात ठेवतात तिथं पहारा असतो, कुलपं असतात, कॅमेरे असतात. कॅमेरा ठरावीक वेळानं फोटो घेत राहतो. पण कॅमेऱ्यावर कुणी लक्ष ठेवायचं? त्याचीच पेटी उघडून कुणी आत काही फेरफार केला तर? म्हणून डब्याच्या झाकणावर सील असतं आणि कॅमेऱ्याच्या पेटीवरही असतं. झाकणातून एक तार ओवतात आणि तारेची दोन्ही टोकं लिंबाएवढ्या एका बंद डबीत अडकवतात. ती डबी म्हणजे सील.

सील म्हणजे कुलूप नव्हे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की आता माझ्या नवऱ्यालाही पाठ झालंय. कुलूप चोराला अडवतं. सील कुणालाच अडवत नाही, पक्कड मारली की तुटतं. त्याचं काम एकच, कुणी हात लावला तर नंतर ते कळलं पाहिजे. तपासणी करणारा माणूस सील काढून आणतो, लावण्याआधी काढलेल्या फोटोशी ताडून बघतो, आणि जुळलं तर खात्रीनं सांगतो की मधल्या काळात हा डबा कुणी उघडलेला नाही. उघडून परत जसंच्या तसं बसवता येत असेल, तर ते सील कचऱ्यात टाकायच्या लायकीचं.

आजवर आम्ही दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर काम करत आलो होतो. मुंबईहून नाहीतर बंगळूरहून कागद यायचा आणि आम्ही केसाच्याही बारीक मापानं वस्तू करून द्यायचो. चांगली झाली तर ड्रॉइंग करणाऱ्याची हुशारी, बिघडली तर बेळगाववाल्यांचा गलथानपणा. हे मला लई डाचायचं. एकदा तरी आपल्या डोक्यातून निघालेली वस्तू इथून बाहेर जावी, असं मनात होतं.

ती वस्तू मला खडेबाजारात सापडली. घरातली जुनी इस्त्री दुरुस्तीला दिली होती. दुकानदारानं ती खोलली तर आतला अभ्रकाचा पत्रा जळून ठिसूळ झालेला. त्यानं तो उपसला आणि त्याच्या बारीक चमकत्या कपच्या फळीवर सांडल्या. त्यानं झाडल्या, परत सांडल्या. मी त्याला म्हटलं, "मघाशी पडल्या होत्या तशाच परत पाडून दाखवा बघू."

तो म्हणाला, "बाई, तशाच कशा पडतील? इस्त्री न्यायची हाय का न्हाय?"

मी इस्त्री नेली आणि ती कल्पनाही नेली. पारदर्शक डिंकासारख्या रसायनात अभ्रकाच्या कपच्या मिसळायच्या आणि सीलच्या वरच्या झाकणात ओतून वाळवायच्या. कपच्या वाटेल तशा पडणार, कुठली आडवी, कुठली तिरकी. प्रत्येक सीलची नक्षी वेगळी. मी स्वतः जरी ठरवलं की याच्यासारखं दुसरं करायचं, तरी मला येणार नाही. नक्षीचा मोठा करून फोटो काढायचा, कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा, आणि सील परत आलं की दोन फोटो ताडायचे. डबीचे वरचे आणि खालचे अर्धे भाग हातानं दाबले की टक् करून बसणार आणि परत उघडणार नाहीत, अशी रचना केली.

अणुऊर्जा खात्याच्या साहेबांना नमुना आवडला. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात स्वतः येऊन चाचणी घेतो म्हणाले. आम्ही त्याआधी तीन आठवडे सील फोडायचे खेळ केले. पोरांनी ब्लेड घातलं, बारीक ड्रिल मारलं, बर्फात ठेवलं, उकळत्या पाण्यात घातलं. ब्लेडनं चरा पडायचा, उकळलं की प्लास्टिक पांढुरकं व्हायचं. दर वेळी मला सापडायचं. मी अशी काही फुगले होते की अण्णा म्हणायचे, "आक्का, दारातनं बाजूनं या, समोरनं मावणार न्हाय."

खंडेनवमीला उद्यमबागेतला एकही कारखाना काम करत नाही. यंत्रं धुऊन पुसून त्यांना हार घालतात, कोहळा फोडतात, आणि सगळ्यांच्या घरची माणसं कारखाना बघायला येतात. आम्ही बौद्ध. पूजेला हात जोडत नाही, पण चिरमुरे आणि पेढे घ्यायला आमची हरकत नसते. दुसऱ्या दिवशी धम्मदीक्षेचा कार्यक्रम होता म्हणून आई निपाणीहून आली होती. तिला घेऊन मी कारखान्यात गेले. पूजा सुरू झाली तशी ती माझ्या टेबलाशी जाऊन बसली. टेबलावर सरावाची बारा सीलं एका ट्रेमध्ये ठेवलेली होती, प्रत्येकावर नंबर. शेजारी चहाची मोठी किटली होती. मी सगळ्यांना पेढे वाटत फिरत होते.

संध्याकाळी घरी परतताना रिक्षात आई म्हणाली, "तुझं ते डबडं उघडतंय की गं."

मी हसले. "उघडू दे की. उघडलं तर मला कळतं. त्यासाठीच आहे ते."

"कुठं कळलं? बसून बसून कटाळा आला म्हणून एक उघडलो, परत मिटलो, ठेवलो. तू तर तिथनंच चार डाव गेलीस."

मला वाटलं म्हातारी चेष्टा करते. आई चेष्टा करत नाही हे माहीत असूनही तसं वाटलं, कारण तसं वाटणं सोयीचं होतं. सुट्टी संपल्यावर मी सकाळी लवकर कारखान्यात गेले आणि बारा सीलं एकेक करून तपासली. बाराच्या बारा जुळत होती. कॉम्प्युटर म्हणत होता जुळतंय, भिंगाखाली माझा डोळा म्हणत होता जुळतंय. मी सुटकेचा श्वास टाकला आणि घरी फोन लावला. "कशाला थापा मारतेस? एकाही सीलला हात लागलेला नाही."

"पाचवं," आई म्हणाली. "तारंला आतल्या बाजूनं माझ्या पातळाचा धागा आडकलाय, तो राहिला म्हणून मीच हळहळलो."

मी पाच नंबरचं सील घेतलं आणि करवतीनं चिरलं. आत तारेला हिरव्या सुताचा एक धागा होता. आईचं पातळ हिरवं होतं.

चाचणी तीन दिवसांवर होती. मी अण्णांना सांगितलं. ते "हौदा? खरंच?" म्हणाले आणि खुर्चीतच बसले. मग म्हणाले, "धागा चिकटला असेल तयार करतानाच. आईंना बोलवा. माझ्या डोळ्यांसमोर करू देत."

आई आली. तिनं किटलीत गरम चहा मागवला, प्यायला नव्हे. रुमाल ओला केला, सील त्यात गुंडाळलं आणि किटलीच्या पोटाला लावून धरलं. मग ती अण्णांशी गप्पा मारत बसली. यंदा संकेश्वरकडं ऊस कसा आहे, तुमच्या सूनबाईंना किती पोरं, निपाणीत आता बिडीचं काम किती उरलंय. अर्धा तास झाला. अण्णा दोनदा म्हणाले, "आई, सुरू करा की." ती म्हणाली, "सुरूच हाय." मग तिनं रुमाल सोडला, अंगठ्याचं नख फटीत टेकवलं आणि सीलची दोन भकलं अलगद वेगळी केली. आवाजही झाला नाही. परत जोडली, परत रुमालात गुंडाळली, थंड होऊ दिली आणि माझ्या हातात दिली. मी भिंगाखाली धरलं. काही नाही. नक्षी जागच्या जागी.

"कसं काय जमलं तुम्हांला?" अण्णांनी विचारलं.

आई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हिच्यापायी शिकलो. ही ल्हान असताना हट्टानं बिड्या वळायला बसायची. ढिल्या, वाकड्या. कारखान्यात चेकर बसलेला असायचा, तसली बिडी दिसली की जुडीच्या जुडी छाट म्हणून मोडून टाकायचा. हिला नको म्हटलं तर रडायची. मग ही झोपली की मी हिच्या बिड्या उकलायचो आणि त्याच पानात परत वळायचो. वाळलं पान उकलाय गेलं की फाटतंय. त्येला ओल्या फडक्यात ऊब द्यायची, थांबायचं, आणि त्येचं त्ये सैल झालं की हात लावायचा. जोर करायचाच न्हाय. तुमच्या पोरांनी नुसता जोर केला."

मला ही गोष्ट माहीत नव्हती. माझ्या बिड्या चेकरकडून पास होतात म्हणून मी लहानपणी गल्लीभर मिरवलं होतं. त्या क्षणी मला एवढा राग आला, कुणावर ते कळेना, की मी उठून यंत्राजवळ जाऊन उभी राहिले.

अण्णा माझ्या मागं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आक्का, खात्याची चाचण्यांची यादी आपल्याकडं आहे. ब्लेड आहे, ड्रिल आहे, बर्फ आहे, उकळतं पाणी आहे. ओलं फडकं न्हाय. आपण पास होतोय. पुढच्या नमुन्यात सुधारू."

अण्णा वाईट माणूस नाहीत. कारखान्यावर जगणारी चाळीस घरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आणि खरं सांगायचं तर मी "बरं" म्हणाले. त्या दिवशी दिवसभर मी "बरं" याच मतावर होते. माझं डिझाइन, माझी कल्पना, पहिल्यांदाच इथून बाहेर जाणारी वस्तू. ती माझ्याच तोंडानं नापास करायची? यादीत नाही ना, मग मी काय चुकले? माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याएवढा हुशार वकील दुसरा नाही.

जेवताना आई म्हणाली, "ते डबडं कशाला लावतात म्हणालीस?"

मी सांगितलं. अणूचं सामान, गोदाम, कॅमेरा, सगळं. तिनं घास हातात धरून ऐकलं.

"म्हंजे ते चोरीला गेलं तर?"

"तर लई वाईट."

"आणि तुझं डबडं सांगणार, काय गेलं न्हाय म्हणून."

मी ताटातला भात कालवत राहिले.

"माझ्या हातनं हुतंय म्हंजे दुसऱ्याच्या बी हातनं हुतंय," ती म्हणाली. "निपाणीत माझ्यासारख्या हजार बायका हायत गं. त्या चांगल्या हायत म्हणून बरं." आणि तिनं घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना फोन केला. अण्णा समोर बसले होते आणि टेबलावरच्या कागदावर रेघोट्या ओढत होते. मी एका दमात सांगून टाकलं की सील उघडून खुणेशिवाय परत मिटता येतं, तुमच्या यादीत नसलेल्या पद्धतीनं, चाचणीला येऊ नका. मग त्यांनी विचारलं, "कोणी उघडलं? तुमचा इंजिनिअर?"

"नाही. माझी आई."

"त्या काय करतात?"

"बिड्या वळायच्या. आता वळत नाहीत."

मग ते म्हणाले, "तीन महिने देतो. नवीन नमुना करा. मी येईन तेव्हा मला तुमची माणसं नकोत. तुमच्या आई पाहिजेत."

अण्णा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. काम सांगायचं तर चिठ्ठी पाठवायचे, तीही कन्नडमध्ये, मला वाचायला वेळ लागावा म्हणून. सोळाव्या दिवशी स्वतः दोन कप कॉफी घेऊन आले, एक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आयतु. झालं ते झालं. आता काय करायचं ते बोला."

चूक कुठं होती ते एकदा कळल्यावर लहान वाटायला लागली. नक्षी होती वरच्या झाकणात. आई उघडायची ती जोडावर. चोर एका दारानं ये-जा करत होता आणि माझा पहारा दुसऱ्या दारावर होता. मग ठरवलं, आधी डबी मिटायची आणि नंतर अभ्रकाचा डिंक ओतायचा तो नेमका जोडावरच. म्हणजे कपच्या अर्ध्या वरच्या भकलात, अर्ध्या खालच्या भकलात. ऊब देऊन कितीही अलगद उघडा आणि मिटा, जोडावरची एखादी तरी कपची जागची हलणार. बोलायला सोपं. डिंक जोडात आत झिरपायचा, कपच्या एका बाजूला गोळा व्हायच्या, फोटोत जोडाची रेघ चमकायची. तीन महिन्यांत आम्ही किती नमुने फेकले त्याची गणती नाही.

या सगळ्या काळात मी आईला नवीन सील दाखवलं नाही. अण्णा म्हणायचे, एकदा त्यांच्याकडून करून तर बघा. मी म्हटलं, परीक्षेआधी पेपर दाखवायचा नसतो. खरं कारण वेगळं होतं. तिनं ते परत उघडलं आणि मला परत सापडलं नाही, तर पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

साहेब आले. साधा माणूस, पायात चप्पल, हातात पिशवी. त्यांनी आपल्या हातानं दहा सीलं निवडली, दहा रिकाम्या डब्यांना लावली, फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घातले. मग म्हणाले, "आजी आणि मी केबिनमध्ये बसतो. त्या हवं ते सील उघडतील, परत मिटतील. एक, चार, दहा, त्यांची मर्जी. किंवा एकही नाही. मी चिठ्ठीत लिहून ठेवीन. मग मॅडमनी सांगायचं, कुठलं उघडलंय. एक जरी चुकलं तर हे सील घेता येणार नाही, हे आधीच सांगतो."

आईनं किटली मागितली, फडकं मागितलं, चष्मा पुसला. दारात थांबून साहेबांना म्हणाली, "आतनं कडी घाला. ही वाकून बघणाऱ्यातली हाय."

दोन तास. मी यंत्रांमधून फेऱ्या मारत होते. अण्णा वेलदोडे चघळत होते, सालासकट. केबिनमधून मधेच साहेबांच्या हसण्याचा आवाज येत होता. आई त्यांना काय सांगत होती कुणास ठाऊक. शेवटी दार उघडलं. साहेबांनी ट्रे माझ्यापुढं ठेवला आणि घडी घातलेली चिठ्ठी आपल्या खिशात ठेवली. आई माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. तिचा चेहरा बिनओळखीच्या बाईसारखा कोरा होता. मी तिच्याकडं एकदाच बघितलं आणि परत बघायचं नाही असं ठरवलं.

दहा सीलांचे नवीन फोटो काढले. कॉम्प्युटरनं ताडले. आठ जुळली. तीन नंबर आणि सात नंबरवर लाल चौकट आली.

"दोन," अण्णा माझ्या कानाशी म्हणाले. "सापडली, आक्का. सांगून टाका."

दोन म्हणणं सोपं होतं. यंत्रच म्हणतंय म्हटलं की आपली जबाबदारी संपते. पण मी सात नंबर भिंगाखाली घेतलं. जोडाच्या रेघेवर पाच कपच्या होत्या. त्यातल्या चार आधीच्या फोटोतल्यासारख्याच, आणि पाचवी, डोळ्यातल्या कुसळाएवढी, जरा कुशीवर वळलेली. एवढंच. मी तीनदा बघितलं. मग तीन नंबर घेतलं. तिथं एका कोपऱ्यातली सगळी चमक मंद झाली होती, म्हणून यंत्र ओरडत होतं. पण जोडावरच्या कपच्या? एकेक मोजली. सगळ्या जागेवर, सगळ्यांची तोंडं होती तिकडंच.

मी स्पिरिटचा कापूस घेतला आणि तीन नंबर पुसलं. कापूस तपकिरी झाला. परत फोटो काढला. लाल चौकट गेली.

"एकच," मी म्हणाले. "सात नंबर."

साहेब म्हणाले, "यंत्रानं दोन दाखवली होती, मॅडम. नीट विचार करा. तुमच्या मनात शंका असेल तर दोन म्हणायला हरकत नाही. जास्त सावध राहिलेलं कधीही बरं."

"नाही साहेब," मी म्हणाले. आता मला राग यायला लागला होता आणि राग आला की माझी भीती जाते. "तीन नंबर उघडलेलं नाही. न उघडलेलं सील उघडलंय असं मी म्हणाले, तर तिकडं गोदामात त्या दिवशी पहाऱ्यावर असलेल्या माणसाला सात पिढ्यांचा हिशेब विचारतील. त्याचा काय गुन्हा? तीनवर काहीतरी सांडलंय, बस्स. उघडलंय ते सात. एकच."

अण्णांचं वेलदोडे चघळणं थांबलं. साहेबांनी खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली आणि टेबलावर सरळ करून ठेवली. त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या. सात नंबर उघडून मिटलं. तीन नंबरला फक्त बोटानं चहा लावला.

"चहा?" मी आईकडं बघितलं.

"मुद्दाम लावलो," आई म्हणाली. "म्हटलं, बघू तर खरं, ही बघती का नुसती मशीनचं ऐकती."

अण्णा खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हातांनी आईला नमस्कार केला. मला उठता आलं नाही. डोळ्यांपुढचं भिंग धूसर झालं होतं. मला एवढा आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते समजत नव्हतं. माझी आई, जिच्या हातांनी मला शिकवलं आणि जिच्या हातांनी माझी चूक माझ्यापुढं ठेवली, ती माझ्या समोर बसून शांतपणे रुमाल पिळत होती.

साहेबांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं आणि सही करण्याआधी आईला विचारलं, "आजी, अजून एकदा करून बघायचंय? सीलं आहेत, वेळही आहे."

आई उठली, पदर झटकला.

"न्हाय साहेब. मी धा डाव उघडीन आणि ही धा डाव धरंल. माझीच पोरगी हाय, मला म्हायती हाय. लावा जावा तुमच्या डब्याला."